नागपुरात रोल कधी धुवायचा?

कॅमेऱ्यातून फिल्मचा रोल निघाला की लगेच धुवायची घाई होते. नागपुरात त्याआधी थर्मामीटर बघावा. डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, पाकिटावरच्या वेळा २० अंशांसाठी असतात, आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं.

४०० स्पीडला काढलेली एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ या पावडर डेव्हलपरमध्ये २० अंशांवर स्टॉकला (पावडर कालवून झालेलं मूळ द्रावण) साडेसात मिनिटं घेते, १+१ ला (स्टॉकमध्ये तेवढंच पाणी घालून) १३. पाणी २४ अंशांवर असेल तर साधारण सव्वापाच आणि सव्वानऊ. पाच मिनिटांच्या खाली गेलात की डेव्हलपर ओतण्या-काढण्यातली दहा-पंधरा सेकंदंही जाणवतात आणि मोकळ्या आकाशात पट्टे उमटतात. म्हणून उन्हाळ्यात १+१च वापरावं आणि २४ च्या वर जाऊ नये.

डेव्हलपर गार करणं सोपं आहे: बाटली बर्फाच्या पाण्याच्या गंजात ठेवायची. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. बहुतेक रोल बिघडतात ते पुढे. २४ अंशांतून निघालेली फिल्म थेट नळाखाली धरली की इमल्शन फुगतं, दाणा जाड होतो, कधी इमल्शनला बारीक सुरकुत्यांची जाळीही पडते. स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) आणि धुण्याचं पाणी, सगळं डेव्हलपरच्या एक-दोन अंशांतच हवं. त्यासाठी नळ चालू ठेवायची गरज नाही. फिल्म धुवायची छोटी बंद टाकी भरून ५ वेळा उलटी करा, पाणी फेका. मग १०, मग २० वेळा. ३५ मिमीच्या एका रोलला ३०० मिली धरलं तर जेमतेम लिटरभर पाणी लागतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एवढं माठच गार करून देतो, तरी थर्मामीटर बुडवून बघाच.

रोल साठवण्याचं गणित पावडर ठरवते. बंद पाकीट टिकतं. एकदा कालवलं की काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने, अर्ध्या बाटलीत महिनाभर. १+१ ला रोलमागे १५० मिली स्टॉक, म्हणजे लिटरमध्ये सहा रोल. तेवढे जमल्याशिवाय पाकीट फोडू नये, आणि स्टॉक लहान बाटल्यांत वाटून ठेवावा. एका टाकीत दोन रोल घालायचे तर फिल्म आणि स्पीड एकच हवा; १६०० ला ढकललेला (४०० ची फिल्म १६०० धरून काढलेला) रोल वेगळा.

थांबलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबा उघडू नका, दव धरतं. पॅन एफ प्लस ही फिल्म मात्र थांबवू नका. तिच्यावरची न धुतलेली प्रतिमा लवकर फिकी पडते. तीन महिन्यांच्या आत उरकावी.

चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी) हात घामेजले की फिल्म टाकीतल्या प्लास्टिकच्या रिळात अडकते. उन्हाळ्यात पहाटेच लोड करून ठेवावं. बंद टाकी दिवसभर उजेडात राहिली तरी चालते. फिल्म सुकताना कुलर बंद! त्याच्या वाऱ्याबरोबर धूळ येते आणि ओल्या इमल्शनमध्ये कायमची रुतते. पावसाळ्यात पाणी जरा बरं असतं, पण फिल्म सुकायला फार वेळ घेते. नीट सुकायच्या आत पाकिटात घातली तर चिकटते, बुरशीही धरते. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्याची, लिटरला ५ मिली वेटिंग एजंट (थेंबांचे डाग पडू न देणारं द्रावण) घालून.

डिसेंबर-जानेवारीत यातलं निम्मं काम उरतच नाही. सकाळी उलट पाणी थोडं कोमट करून २० ला आणावं लागतं.