सीआरझेडमधलं (किनारा नियमन क्षेत्रातलं) घर परत बांधताना : "कायद्यात बसत नाही" म्हणजे नक्की कुठल्या?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या घराचं अर्धं छप्पर उडालं, पडवीवर फणस आडवा झाला आणि खाडीकडच्या चिऱ्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. दापोली तालुका, खाडीची भरतीरेषा घरापासून जेमतेम ३५ मीटर. पंचनामा झाला, मदत आली ती पत्र्यांत संपली, ते सगळ्यांचंच झालं. लिहायचंय ते पुढचं, घर उतरवून परत बांधायची परवानगी कशी काढली ते, कारण वाडीतला जो भेटेल तो हेच विचारतो आणि तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलंय.

ऑफिसात भाऊसाहेबांनी फाईल उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "सीआरझेड आहे ना, कायद्यात बसत नाही." मी म्हटलं कुठल्या कायद्यात ते तरी दाखवा, तर त्यांनी कपाटातून एक परिपत्रक काढलं, झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्क्याच्या जागी नुसता काळा डाग. त्यात होतं की किनाऱ्यालगतचं प्रत्येक बांधकाम प्रकरण आधी मुंबईला, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे शिफारशीला पाठवावं. झालं, म्हणजे फाईल मुंबईला गेली की आपण म्हातारे होणार.

दापोलीत माझा शाळेतला मित्र वकिली करतो. तो म्हणाला, कागद खालून वर वाचत जा, प्रत्येक कागदाला विचार तुला कोणी जन्माला घातलं. परिपत्रकाला विचारलं तर त्यात वरती "अधिसूचनेनुसार" एवढंच. मग अधिसूचना काढली, राजपत्र ऑनलाईन फुकट मिळतं, १८ जानेवारी २०१९ ची, आणि तिची सुरुवात सगळे सोडून देतात तीच मी तीनदा वाचली. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ च्या कलम ३ ने दिलेल्या अधिकारात, १९८६ च्याच नियमांतल्या नियम ५ प्रमाणे ही काढतोय. मग तो कायदा उघडला. भोपाळनंतर आलेला कायदा, आणि गंमत म्हणजे त्यात समुद्र नाही, भरतीरेषा नाही, समुद्रकाठी सीआरझेड जिथवर लागतं ते ५०० मीटर तर कुठेच नाही! कलम ३ म्हणतं की पर्यावरण राखायला केंद्र सरकार लागतील ते उपाय करू शकतं आणि कुठल्या भागात काय चालणार नाही ते ठरवू शकतं. बस्स. त्या एवढ्याशा खुंटीवर अख्ख्या देशाचा किनारा टांगलेला आहे, १९९१ ची अधिसूचना, मग २०११ ची, मग २०१९ ची. पार्लमेंटने सीआरझेडचा असा वेगळा कायदा केलेलाच नाही, सगळं दिल्लीतल्या पर्यावरण मंत्रालयाच्या सहीने चालतं.

म्हणूनच ते बदलतंही भराभर. खाडीकाठचा ना-विकास पट्टा (म्हणजे जिथे नवं बांधकाम सहसा चालत नाही तो) २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी असेल ते, २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. आणि वर मेख अशी की २०१९ ची निघाली तरी जिल्ह्याचा किनारा क्षेत्राचा नवा नकाशा मंजूर होईपर्यंत २०११ चीच चालू राहणार, त्यामुळे आम्ही बराच काळ नव्या नियमाकडे बघत जुन्या नियमात बसलो होतो. आमचं घर ३५ मीटरवर, म्हणजे दोन्हीकडे पट्ट्याच्या आतच, पण परवानगी कोणी द्यायची त्यात फरक पडत होता.

सरकारने सही केली म्हणजे संपलं असंही नाही हं. १९९४ ला सरकारने १९९१ च्या अधिसूचनेत दुरुस्ती करून ना-विकास पट्टा मनाला येईल तसा शिथिल करायचा अधिकार स्वतःकडेच घेतला होता, सुप्रीम कोर्टाने १९९६ ला तो उडवला. आपल्याकडे कोर्ट घटनेच्या विरोधात गेलेला खुद्द पार्लमेंटचा कायदाही रद्द करू शकतं, अधिसूचनेला तर दोन चाळण्या, घटनेची आणि मूळ कायद्याची.

हे सगळं मी आमच्या दादाला (चुलतभाऊ, इंग्लंडात लेस्टरला असतो, सातबारावर त्याचंही नाव म्हणून संमतिपत्र हवं होतं) फोनवर सांगत होतो तर तो म्हणाला अरे मी मागच्या बाजूला किचन वाढवलं तेव्हा परवानगीचा अर्जच केला नाही. मला वाटलं तिकडे मोकळं रान असेल, तर तसं नाही, तिथेही मूळ कायदा पार्लमेंटचा, १९९० चा, आणि घरामागे एक मजली बांधकाम साधारण ३ मीटरपर्यंत विनापरवानगी चालेल, सुटं घर असेल तर ४, हे ठरवणारा २०१५ चा मंत्र्याचा ऑर्डर. म्हणजे मीटर तिकडेही मंत्रीच मोजतो. अशा बहुतेक ऑर्डरी पार्लमेंटपुढे ठेवतात, ४० दिवसांत कुठल्याही सभागृहाने नाही म्हटलं तर रद्द, नाहीतर चालू. आणि नाही कोण म्हणतंय, कॉमन्सने असा ऑर्डर शेवटचा पाडला तो १९७९ ला, तोही रॉकेलच्या भावाचा!

पण खरा फरक कोर्टात आहे. तिकडचं कोर्ट पार्लमेंटचा कायदा रद्द करू शकत नाही, मंत्र्याचा ऑर्डर मात्र करू शकतं. २०१० च्या जानेवारीत त्यांच्या सुप्रीम कोर्टाने दहशतवादाच्या संशयावरून लोकांचे पैसे गोठवणारा ऑर्डर उडवला, मूळ कायद्याने एवढा अधिकार दिलेलाच नाही म्हणून, तर पार्लमेंटने पंधरवड्यात तसाच तात्पुरता कायदा करून टाकला, आणि मग विषय संपला. आपल्याकडे तेवढ्याने संपला नसता.

वकील मित्राला एकदा विषय मिळाला की तो थांबत नाही. जर्मनीत म्हणे घटनेच्या ८० व्या कलमातच आहे की अधिकार देताना कशासाठी, काय आणि कुठवर हे कायद्यातच लिहा, तिथे आपलं कलम ३ जड गेलं असतं असं त्याचं मत. फ्रान्समध्ये उलटंच, १९५८ च्या घटनेत पार्लमेंटने कशावर कायदे करायचे त्याची यादी आहे आणि उरलेलं सगळं सरकारचं. आणि लांब कशाला, माझी सासुरवाडी म्हापशाची, तिथे कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक) जमिनीला आजही लागतं ते १५ एप्रिल १९६१ चं पोर्तुगीज राजवटीचं दिप्लोमा लेजिस्लातिव्ह, म्हणजे सरकारी हुकूमच, १९६२ च्या कायद्याने आपण ते चालू ठेवलं म्हणून. पोर्तुगालात तर सरकारने काढलेला डिक्री-कायदा आणि पार्लमेंटचा कायदा आजही एकाच तोलाचे धरतात. तिथे "खालून वर वाच" हे कितपत कामाला आलं असतं देव जाणे.

असो. माझ्या अर्जाचं सांगतो. अधिसूचनेत दोन गोष्टी सापडल्या. एक, ना-विकास पट्ट्यातसुद्धा जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, फक्त जोतं, एफएसआय (जागेच्या मानाने बांधकामाचं प्रमाण) आणि घनता वाढता कामा नये. दुसरी, स्वतः राहायचं घर ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर स्थानिक प्राधिकरणानेच परवानगी द्यायची, किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. म्हणजे परिपत्रक अधिसूचनेच्या उलट बोलत होतं, आणि परिपत्रक हा तर कायदाही नाही की नियमही नाही, ऑफिसने ऑफिसला दिलेली सूचना. भांडलो नाही, अर्जात दोन्ही तरतुदी उतरवल्या आणि शेवटी नम्रपणे विचारलं की सदर परिपत्रक कोणत्या कलमाखाली काढले ते कळवावे. पोच घेतली. या एका ओळीने जे काम केलं ते कोणाच्या ओळखीनेही झालं नसतं.

पुराव्याला ग्रामपंचायतीचा १९९१ च्या आधीचा असेसमेंट उतारा जोडला. पिवळं पडलेलं पान, आजोबांचं नाव, पुढे "चिऱ्याचे कौलारू घर" आणि फुटात लांबी-रुंदी. ती लांबी-रुंदी नसती तर जुनं जोतं केवढं हे सिद्ध करताना नाकी नऊ आले असते, तेव्हा तुमच्याकडे असा उतारा असेल तर आजच नक्कल काढून ठेवा.

परवानगी आली, फाईल मुंबईला न जाता. पण नकाशात मागच्या अंगाला दाखवलेली नवी मोरी लाल पेनाने खोडली होती, जोतं वाढतं म्हणून, आणि तिथे मला बोलायला जागाच नव्हती. काकी भडकली, म्हणाली, "एवढी मोरी अडते तर पार्लमेंटात जाऊन सांग की." तिला म्हटलं, काकी, मोरी पार्लमेंटात नाही ठरत, मंत्रालय दुरुस्तीचा मसुदा काढतं, त्यावर हरकतीला ६० दिवस असतात, लोकहिताचं कारण देऊन तेही टाळता येतात पण बहुधा देतात, पुढचा मसुदा आला की तुझ्या नावाने हरकत टाकतो. ती म्हणाली टाक, आणि मराठीत टाक.