दुधाच्या पिशवीचं टोक

दिवाळीच्या आवराआवरीत निघालेलं भंगार गाडीत घालून नाशिकमधल्या सातपूरच्या सुका कचरा केंद्रावर गेले. घंटागाडी रोज दारात येते, मग एवढं पेट्रोल कशाला जाळायचं, असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. पण भंगारातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती घंटागाडीत फुटली तर तो हाताळणाऱ्याच्या नाकातोंडात जातो.

सामान देऊन लगेच निघायचा बेत होता. पण शेडमध्ये वर्गीकरण करणाऱ्या मावशींपाशी थांबले ते बराच वेळ. समोर ढीग, भोवती पोती. पुठ्ठा, कडक प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, सगळं नुसत्या स्पर्शाने वेगळं होत होतं. वेफरचं पाकीट त्यांनी मुठीत चुरगाळलं, चुरचुर आवाज आला आणि ते बाजूला गेलं. प्लास्टिक आणि चंदेरी मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे होत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही.

दुधाच्या पिशवीला मात्र भाव आहे. ती हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "ताई, टोक पूर्ण तोडत जाऊ नका. नुसती चीर द्या, टोक पिशवीलाच राहू द्या. हे एवढंसं आमच्या हाती लागत नाही, गटारीत जातं." आणि गटारीतून नासर्डी नदीत गेलेलं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं. रामकुंडावर आपण हात जोडतो आणि रोज सकाळी घराघरातून ही टोकं नदीकडे सोडतो. 2027च्या सिंहस्थाला लाखो लोक येतील, तेव्हा किती दूध तापेल आणि किती टोकं तुटतील!

तेवढ्यात पुढची पिशवी उघडली. आत वापरलेले डायपर, त्यांत काचेचे तुकडे. मावशींच्या बोटाला आधीच चिंधी बांधलेली होती. मला फार राग आला. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच स्वच्छ लिहिलं होतं. काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' लिहायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही आपण करत नाही, कारण पिशवी उघडणारे हात आपल्याला दिसत नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर ट्यूबलाइट तिच्या खोक्यातच घालून न्या. फुटलीच, तर ती उचलायला मावशीच वाकतात.