ठाणे ते ऐरोली, आणि पुढे एका पैशापर्यंत

शेअर बाजाराचं काम करणाऱ्या कंपनीत आठ आठवड्यांची सॉफ्टवेअर इंटर्नशिप मिळालेल्यांसाठी हे टिपण; सुरुवात प्रवासापासून. ठाणे स्टेशनचे ९ आणि १० नंबरचे फलाट पूर्वेला, कोपरीच्या अंगाला आहेत. कल्याण-डोंबिवलीकडून फास्ट लोकलने येणाऱ्याने पूल ओलांडून तिथे पोचायला सकाळच्या गर्दीत सात-आठ मिनिटं धरावीत. तिथून सुटणारी ट्रान्स-हार्बर लाइनची वाशी, नेरुळ, पनवेल यांपैकी कुठलीही गाडी ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे घेते. फाटा तुर्भ्यानंतर फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याला जाते, नेरुळ-पनवेलची जुईनगरला. ऑफिस बेलापूरला असेल तर पनवेलचीच पकडा. ऐरोलीला साधारण दहा मिनिटं लागतात. जानेवारी २०२४ पासून मध्ये दिघा गाव स्टेशन आलं आहे, तेव्हा 'ठाण्यानंतर पहिलं ऐरोली' या जुन्या हिशेबाने उठलात तर एक स्टेशन आधीच उतराल. वागळे इस्टेटमध्ये जागा मिळाली असेल तर सगळंच उलटं: पश्चिमेला उतरून बस किंवा शेअर रिक्षा. जून-जुलैत त्या रांगेसाठी वेगळी पंधरा मिनिटं ठेवा.

विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्यापुरताच असतो, ऑफिससाठी पूर्ण दराचा काढावा लागतो. आठ आठवड्यांना दोन मासिक पास पुरतात, त्रैमासिक घेण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी कॉलेजचं बोनाफाइड, एनओसी, आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक लागतो. मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. घोळ हमखास नावात होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब, आणि स्टायपेंड अडकतो. महिनाभर आधी सगळी कागदपत्रं शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवा. पेनड्राइव्ह घरीच राहू द्या, मशीनचे यूएसबी पोर्ट बंदच असतात.

कम्प्लायन्सचा, म्हणजे नियम पाळण्याच्या हमीचा, फॉर्म मात्र नीट वाचा. तुमच्या नावावर डिमॅट खातं असेल तर ते कळवावं लागू शकतं, आणि शेअर घेण्या-विकण्याआधी परवानगीही. शेअर बाजाराची नियामक सेबी हिचे इनसायडर ट्रेडिंगचे (आतल्या माहितीवर सौदे करण्याबद्दलचे) २०१५ चे नियम आणि कंपनीची स्वतःची आचारसंहिता यांतून हे येतं. 'मी तर नुसता इंटर्न' हे उत्तर तिथे चालत नाही.

त्यानंतर वाट बघणं. व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी), कोडचा रेपो (कोड ठेवायची जागा), टेस्ट डेटाबेस: प्रत्येकाची वेगळी रिक्वेस्ट, वेगळी मंजुरी. पहिला आठवडा यात सहज जातो, कधी दुसराही. पहिल्याच दिवशी टीममधल्या कुणाकडून त्यांच्या ॲक्सेसची यादी मागून घ्या आणि सगळ्या रिक्वेस्ट एकदम टाका. एक मिळाली की दुसरी टाकायची, असं केलंत तर महिना गेला समजा.

हा मोकळा वेळ ट्यूटोरियल बघण्यात घालवू नका. ऑपरेशन्सच्या, म्हणजे रोजचे सौदे मार्गी लावणाऱ्या टीमच्या, टेबलाशी जाऊन बसा. तिथल्या मॅडमना एवढंच विचारा: सकाळी सव्वानऊला घेतलेला शेअर खात्यात कसा पोचतो? बाजार साडेतीनला बंद, मग एक्स्चेंजची ट्रेड फाइल, २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट (ग्राहकाला सौद्याचा तपशील), पुढच्या कामकाजाच्या दिवशी सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची देवाणघेवाण. टी+१ (सौद्याचा दिवस अधिक एक) हे चक्र २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना लागू आहे. हा रस्ता कागदावर स्वतः काढता आला की पुढचं बरंचसं काम समजतं. न समजता लिहिलेला कोड कितीही देखणा असो, ऑपरेशन्सवाले तो दोन मिनिटांत पाडतात.

इंटर्नच्या वाट्याला बहुधा रेकन (रिकन्सिलिएशन) येतं: दोन फाइली घ्यायच्या, जुळवायच्या, न जुळलेल्या ओळी, म्हणजे ब्रेक, बाजूला काढायच्या. ऐकायला पंचवीस ओळींची स्क्रिप्ट. खरा प्रवास इथून सुरू होतो.

आधी फाइल. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि आकडा पंधरापेक्षा लांब असेल तर पंधराव्या अंकापुढे शून्यं भरली जातात. फाइल नोटपॅडमध्ये बघा, आणि पायथॉनच्या पँडास लायब्ररीत वाचताना खाते क्रमांकाचा कॉलम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच घ्या. तारखेत ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे फॉरमॅट देऊन ठरवा, अंदाजावर सोडू नका.

मग पैसे. फ्लोटमध्ये, म्हणजे संगणक अपूर्णांक अंदाजे साठवतो त्या प्रकारात, ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होत नाही. अचूक दशांशाचा डेसिमल प्रकार वापरा किंवा सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. त्यातही एक खोच आहे. पायथॉनचं राउंड २.५ चे २ करतं, एक्सेल ३ करतं. एका पैशाचे शेकडो ब्रेक दिसले की आधी तिथे बघा. फरक एका पैशापर्यंत चालवून घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं, लेखी विचारून घ्यायचं असतं.

ओळी जुळवायच्या त्या कंपनीच्या नावावर किंवा सिम्बॉलवर (बाजारातलं छोटं नाव) नाही, बारा अक्षरांच्या आयसिनवर, म्हणजे प्रत्येक शेअरच्या ओळख क्रमांकावर. सिम्बॉल बदलतात. महिंद्र अँड महिंद्रच्या सिम्बॉलमध्ये तर 'अँड'चं चिन्हच (&) आहे, ते एक्सएमएल फाइल मोडतं. पण आयसिनही अमर नाही. शेअरची दर्शनी किंमत विभागली गेली की तो बदलतो, म्हणून जुना-नवा जोडणारा तक्ता हवाच.

सगळ्यात जास्त फसवतं ते कॅलेंडर. शनिवार-रविवार वगळले की झालं, असं वाटतं. पण १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पामुळे बाजार सुरू होता. लक्ष्मीपूजनाला सुट्टी, तरी मुहूर्ताचे सौदे होतात. आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला महाराष्ट्रात बँका बंद, बाजार मात्र चालू. सौदा होतो, सेटलमेंट पुढे सरकते. त्यामुळे ट्रेडिंगची आणि सेटलमेंटची सुट्टी असे दोन वेगळे तक्ते ठेवा, आणि टेस्टमध्ये हे तिन्ही दिवस घाला. डेमोत कुणीतरी शिवजयंतीचं विचारतंच.

कोड झाला तरी तो तुम्ही प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या चालू सिस्टिमवर, टाकत नाही. यूएटीत (वापरणाऱ्यांनी करायच्या चाचणीत) ऑपरेशन्सची सही, मेकर-चेकर (एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं), मग ठरलेली रिलीजची वेळ. तिमाही-अखेरीला बदल गोठवतात. इंटर्नशिप जूनअखेरीला संपत असेल तर १५ जूनपर्यंत यूएटीत पोचायचं गणित ठेवा. चाचणीला मास्क केलेलाच, म्हणजे ओळख झाकलेला, डेटा घ्या. खऱ्या ग्राहकाचा पॅन स्क्रीनशॉटमध्ये दिसला तर काम थांबतं आणि चौकशी सुरू होते.

कॉलेजच्या रिपोर्टचं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कंपनीकडून तो तपासून मिळायला दहा-बारा दिवस जाऊ शकतात, आणि कोड, टेबलांची नावं, आकृत्या त्यातून कापल्या जातात. आधीपासूनच काल्पनिक नावांनी लिहिला तर हे वाचतं. मेल आयडी बंद होण्याआधी सर्टिफिकेट आणि स्टायपेंडच्या पावत्या रीतसर मागून घ्या. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली परत करायची सही दुपारीच उरका. संध्याकाळी सहानंतर ऐरोलीहून ठाण्याकडची गाडी भरलेली येते, आणि डब्याची पिशवी पाठीवर नाही, पुढे घ्यायची असते.