मावशीच्या तोंडावरचा पदर

लातूर. रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आज झोप येणार नाही. लिहून तरी काढते.

दुपारी ताईचा पोरगा टॅब घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. 'स्टीव्हन युनिव्हर्स' बघत होता. रिबेका शुगर यांची ही कार्टून मालिका, 2013 मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेली. मी तांदूळ निवडत होते, लक्ष निम्मंच. पण तो दर मिनिटाला थांबवून समजावून सांगायचा, त्यामुळं हळूहळू त्यात गुंतत गेले. भाग होता 'अ सिंगल पेल रोझ', 2018 चा. जेमतेम 11 मिनिटांचा.

स्टीव्हनची आई रोझ. त्याला जन्म देण्यासाठी तिनं स्वतःचं रूपच सोडून दिलेलं, म्हणजे त्यानं आईला कधी पाहिलेलंच नाही. आईनं बंड केलं, हे ऐकत तो मोठा झालेला. जिच्याविरुद्ध बंड, त्या पिंक डायमंडला तिनंच संपवलं, हे त्याला पुढं कळलेलं. त्याला वाढवणाऱ्यांतली एक पर्ल. तिच्या कपाळावर एक रत्न आहे न् त्याच्या आत ती सगळं नीटनेटकं ठेवते. हरवलेला फोन शोधायला स्टीव्हन त्या रत्नात शिरतो. आत एक पर्ल भेटते, तिच्या आत आणखी एक, मग आणखी मागची. जितकं खोल जावं तितकं दुःख जुनं. अगदी तळाशी त्याला दिसतं, की आपली आईच पिंक डायमंड होती आणि ते मारणं म्हणजे दोघींनी मिळून रचलेलं नाटक होतं. तिथंच ती पर्लला हुकूम देते, याबद्दल पुन्हा कधी बोलायचं नाही. पर्लचे हात आपोआप स्वतःच्या तोंडावर जातात.

"मागं घे," मी म्हणलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा मागं घे म्हणलं तेव्हा तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

त्याला आईचं गुपित भारी वाटत होतं. मला ते हात दिसत होते. तस्सा हात मी पाहिलेला आहे. निलंग्याला, मावशीच्या स्वयंपाकघरात.

माय जाऊन दोन वर्षं झाली. तेराव्यानंतर आम्ही दोघी बहिणींनी तिची पत्र्याची पेटी उघडली. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या खाली दोन वस्तू. एक भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र. नाव मायचं, आडनाव दुसऱ्याच कुणाचं. दुसरा, लहान लेकराच्या पायातला चांदीचा वाळा. एकच. काळा पडलेला, माझ्या दोन बोटांत मावेल एवढा. एक घुंगरू बाकीच्यांपेक्षा वेगळं, मागून बसवलेलं. आम्हा दोघींचे वाळे अण्णांच्या आजारपणात मोडले होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. हा आमचा नव्हता.

किल्लारीचा भूकंप आमच्याकडं लेकरंसुद्धा तोंडपाठ सांगतात. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती शिरवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं, ते सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं दुसरीकडं नव्यानं वसवावी लागली. हे सगळं शाळेत असताना मी भाषणात म्हणून दाखवलं होतं, बक्षीस मिळालं होतं. माय पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना काहीच बोलली नाही. मला वाटलं, हिला कौतुक नाही.

आता एकेक गोष्ट जागच्या जागी बसते. नवं स्लॅबचं घर झालं तरी ती अंगणातच झोपायची, थंडीत गोधडी घेऊन. डोक्यावरच्या फळीवर कधी पितळी भांडं ठेवू दिलं नाही. विसर्जनाच्या रात्री कंदील लावून उंबऱ्यात बसायची, विचारलं की म्हणायची, "डोकं दुखायलंय, तू झोप." खांद्यावर एक लांब वण होता. विहिरीवर पडले, म्हणायची. सरकारी भरतीत भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण असतं. ताई तलाठ्याच्या परीक्षेला दोनदा बसली, थोडक्यात हुकली, पण मायनं त्या कागदाचं नाव काढलं नाही.

कागद आणि वाळा घेऊन मी तेव्हा मावशीकडं गेले होते. वाळा बघितला न् तिनं पदर तोंडावर दाबून धरला. डोळ्यांतून धारा, पण तोंडावरचा हात हलेना. "मला काय ठाऊक न्हाई बाई," एवढंच म्हणली. मी तिला नको ते बोलले. आता तरी खरं सांग, आमचा हक्क आहे, तूपण खोटारडी आहेस, असलं सगळं. तेव्हापासून मी निलंग्याला गेले नाही. दिवाळीला ताईनं फोन हातात दिला तर मी फक्त "बरी आहेस ना" म्हणून परत दिला.

दोन वर्षं मी तिनंच तोंड उघडावं म्हणून अडून बसले होते. स्टीव्हननं पर्लला बोलायला लावलं नाही. तो आत जाऊन पाहून आला आणि बाहेर येऊन स्वतःच तिला सांगितलं, की मला कळलंय. हुकूम मोडायची वेळच तिच्यावर आणली नाही. तेव्हा तिला म्हणता आलं, की किती काळापासून तुला सांगायचं होतं. ह्या भागात सगळे आईचं गुपित बघत असतील. माझ्यासाठी तो पर्लचा भाग आहे. गुपित ठेवणारी निघून गेली, सांभाळणारी मागं राहिली.

रात्री साडेनऊला फोन लावला. विचारलं काहीच नाही.

"मावशी, तू बोलू नको. मी बोलते. मायचं पहिलं घर भूकंपात गेलं. घरधनी गेला. एक लेकरू होतं, तेही गेलं. मग अण्णांशी लग्न झालं. मला कळलंय, मावशी. तुझ्यावर राग नाही."

पलीकडं नुसता श्वास. मग कितीतरी वेळानं म्हणली, "तिनं आण घातली होती गं. पोरींला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणली होती. ते तर बघितलं. मग आता सांगावं का न्हाई, हे मी कुणाला इचारू?"

मला उत्तर देता आलं नाही. मी रडत होते, तीही.

"वाळा हाय ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"घुंगरू निसटलं म्हणून एक वाळा सोनाराकडं दिला होता. म्हणून तेवढा ऱ्हायला. दुसरा पायातच होता त्याच्या."

त्याचं नावही सांगितलं. ते इथं लिहीत नाही, आधी ताईच्या कानावर घालायचं आहे.

सकाळच्या एसटीनं निलंग्याला जाते. वाळा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलाय. मावशीला खारी आवडते, स्टँडवरून घ्यायची आहे.