सादळलेल्या खाऊवर चालणारी रेल्वे

तोक्योच्या पूर्वेला, चिबा प्रांताचं टोक जिथे पॅसिफिकमध्ये घुसतं, तिथे चोशी नावाचं मासेमारीचं आणि सोया सॉसचं गाव आहे. तिथे 6.4 किलोमीटरची एक रेल्वे आहे. चोशी ते तोकावा, दहा स्थानकं, वीसेक मिनिटं. शाळेची पोरं, कामाला निघालेल्या आज्या आणि सुट्टीला इनुबोचं दीपगृह बघायला आलेले पाहुणे, एवढाच तिचा संसार.

तिचा पहिला डाव फार टिकला नाही. 1913 साली सहलीची रेल्वे म्हणून सुरू झाली आणि 1917 मध्ये गुंडाळली. पहिलं महायुद्ध चालू होतं, लोखंडाचा भाव कडाडला होता. गाडी तोट्यात चालवत बसण्यापेक्षा रूळ उपटून विकलेले बरे, असा हिशेब झाला आणि विकलेही! (रेल्वेने रूळच विकावेत, याहून रोखठोक व्यवहार मला तरी माहीत नाही.) 1923 साली नव्या कंपनीने पुन्हा रूळ टाकले. दोन वर्षांनी वीज आली. तेव्हापासूनची गाडी आजवर धावते आहे, म्हणजे धापा टाकत धावते आहे.

तिकिटांवर भागेना म्हणून 1976 मध्ये कंपनीने एका स्थानकावर माशाच्या आकाराचे, आत गोड पुरण भरलेले ताइयाकी विकायला घेतले. 1995 पासून नुरे-सेनबेई आले. तांदळाची भाजलेली चकती गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवायची, की ती मऊ आणि चिवट होते. आपल्याकडे पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापडाचं जे होतं, ते इथे मुद्दाम करतात. गावातच सोया सॉसचे जुने कारखाने, त्यातला एक तर नाकानोचो स्थानकाला खेटून. कच्च्या मालाची चिंता नाही.

खरी गंमत 2006 ची. गाड्यांची कायद्याने सक्तीची तपासणी तोंडावर आली आणि गल्ल्यात पैसे नव्हते. कंपनीने संकेतस्थळावर सरळ लिहिलं, की कृपा करून सेनबेई घ्या, आम्हाला गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कमवायचे आहेत. ना आकडेमोड, ना 'जनतेच्या सेवेत'ची भाषा. देशभरातून इतक्या ऑर्डरी आल्या की माल पुरेना. तपासणी झाली, गाडी वाचली. पुढे 2014 मध्ये एक गाडी घसरली, तेव्हा तिच्या दुरुस्तीसाठी गावातल्या वाणिज्य शाळेच्या मुलांनी इंटरनेटवर वर्गणी गोळा केली. तरी तंगी काही सुटली नाही. 2018 मध्ये कंपनीने मक्याच्या कुरकुरीत कांड्या काढल्या, त्यांच्या नावातच स्वतःच्या फाटक्या खिशाची थट्टा. आज तिकिटांपेक्षा खाऊची कमाई जास्त आहे. म्हणजे ही खाऊची कंपनी, जोडधंदा म्हणून रेल्वे चालवते.

गाड्याही नव्या कोऱ्या घेण्याची ऐपत कधी नव्हती. काही तोक्योच्या केइओ रेल्वेवर राबल्या, तिथून शिकोकू बेटावरच्या इयो रेल्वेत गेल्या आणि मग इथे आल्या. म्हणजे तिसरी नोकरी. 2024 मध्ये ओसाकाकडच्या नान्काई रेल्वेची जुनी गाडी इथे धावू लागली. ती 1969 सालची, म्हणजे बऱ्याच प्रवाशांपेक्षा वयाने मोठी.

सेनबेई गडद, फिकट आणि गोड अशा तीन चवींत मिळतात. घ्यायचे तर गडदच घ्यावेत. दुरुस्तीला हातभार लावायचाच, तर निदान मीठ नीट लागलेलं असावं.