ब्लॅकपूलचा राइट बॅक

१९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांची नावं कोल्हापुरातला जुना फुटबॉलवेडा झोपेतही सांगेल. बॉबी मूर, चार्ल्टन बंधू, हर्स्ट, बँक्स. त्या संघात बाकावर बसून राहिलेल्या, ब्लॅकपूल क्लबच्या जिमी आर्मफिल्डचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. चार वर्षांपूर्वी, १९६२च्या चिलीतल्या विश्वचषकानंतर, जगातला सर्वोत्तम राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणून ह्याचंच नाव घेतलं गेलं होतं. मी स्वतः शाळेत राइट बॅक खेळलेला माणूस, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या मनात राहतात.

बोल्टनला लेकीकडे मुक्काम होता आणि तिथून ब्लॅकपूलला थेट गाडी आहे. चोर्ली, लेलँड, प्रेस्टन, कर्कम अशी स्टेशनं घेत गाडी समुद्राकडे जाते आणि ब्लॅकपूल नॉर्थला रूळच संपतात. ऑक्टोबर असल्याने डबा पोराबाळांनी भरलेला, सगळे विजेची रोषणाई बघायला निघालेले. आमच्या सौ.नाही तीच बघायची होती, शिवाय टॉवरमधला बॉलरूम. जावई माझ्याबरोबर स्टेडियमला यायला तयार झाले, पण एका अटीवर: १९५३चा विषय काढायचा नाही. ते बोल्टनचे कट्टर समर्थक. त्या वर्षीच्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात बोल्टन ३-१ असं पुढे होतं आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत ब्लॅकपूलने ४-३ असा सामना फिरवला. आपला जन्म व्हायच्या आधीचा पराभव माणूस इतका मनाला लावून घेतो, हे मी कोल्हापूरकर असूनही मला नवलाचं वाटलं.

ब्लॅकपूल हे काही सुंदर गाव नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. लँकेशायरच्या कापड गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद असायच्या, प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, आणि अख्खं गावच्या गाव आगगाडीने इथे उतरायचं. त्यांच्यासाठी हा टॉवर १८९४मध्ये उभा राहिला, पॅरिसच्या आयफेलवरून, १५८ मीटर उंच. त्यांच्यासाठीच समुद्रात शिरणारे तीन पियर (फिरायचे धक्के), विजेची ट्राम, वाळूतली गाढवं. गाढवांना शुक्रवारी सक्तीची सुट्टी असते, हा नगरपालिकेचा नियम मला फार आवडला. गिरण्या गेल्या, लोक स्पेनच्या विमानात बसायला लागले, आणि आता मागच्या गल्ल्यांतून बंद पडलेली गेस्ट हाउसं दिसतात. वारा मात्र पूर्वीसारखाच असावा. छत्री उघडायचा विचारसुद्धा करू नये.

आम्ही समुद्राच्या कडेने दक्षिणेला चालत ब्लूमफिल्ड रोडला, म्हणजे ब्लॅकपूल क्लबच्या स्टेडियमला गेलो. सामना नव्हता. स्टेडियमबाहेर दोन पुतळे आहेत. एक स्टॅन मॉर्टेन्सनचा, १९५३च्या त्या अंतिम सामन्यात तीन गोल करणारा. (जावई तिकडे बघेनात.) दुसरा आर्मफिल्डचा, २०११मध्ये बसवलेला. दक्षिणेकडच्या स्टँडलाही त्याचं नाव आहे. क्लबचा भडक नारिंगी रंग सगळीकडे. १९५५मध्ये वुल्व्हज क्लबविरुद्धच्या सामन्याला इथे ३८,०९८ माणसं मावली होती. आजूबाजूच्या बैठ्या घरांकडे बघून ती कशी आली आणि गेली असतील, असा प्रश्न पडतो.

आर्मफिल्ड जन्माने ब्लॅकपूलचा नाही. १९३५मध्ये मँचेस्टरजवळच्या डेंटनला जन्मला आणि युद्धकाळात लहानपणी इकडे आला. २७ डिसेंबर १९५४ला पोर्ट्समथविरुद्ध पहिला सामना खेळला, १९७१मध्ये शेवटचा. मधली सगळी वर्षं एकच क्लब, एकूण ६२७ सामने. एकाच तालमीची जर्सी घालून अख्खी कारकीर्द काढणारे खेळाडू आम्ही शाहू स्टेडियमवर पाहिलेत, म्हणून हा आकडा मला परका वाटला नाही. पण ब्लॅकपूलची निष्ठा स्वस्तातली होती, हेही सांगायला हवं. १९६१पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर मर्यादा होती, आठवड्याला जास्तीत जास्त वीस पौंड. ती उठल्यावर इंग्लंडचा जॉनी हेन्स फुलहॅमकडून आठवड्याला शंभर पौंड घ्यायला लागला. मोठ्या शहरांच्या क्लबांकडे पैसा वळला आणि ब्लॅकपूलसारख्या गावाची घसरण सुरू झाली. १९५६मध्ये इंग्लंडात दुसरा आलेला हा क्लब १९६७मध्ये पहिल्या विभागातून खाली गेला. आर्मफिल्ड क्लब सोडून गेला नाही. १९७०मध्ये संघ पुन्हा वर आला, पुढच्याच वर्षी परत खाली, आणि तेव्हा त्याने बूट काढले.

त्याचं खेळातलं मोठेपण मला तिथे उभं राहिल्यावर जास्त उमगलं. त्या काळी बॅकने मध्यरेषा ओलांडणं म्हणजे आगाऊपणा. समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्याला, अडवायचं, चेंडू लांब मारायचा, संपलं काम. पण आर्मफिल्डच्या पुढे उजव्या पंखाला स्टॅन्ली मॅथ्यूज खेळायचा. मॅथ्यूजकडे चेंडू गेला की दोन-दोन बचावपटू त्याच्यावर धावायचे, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला मोकळं मैदान पडायचं. ती जागा आर्मफिल्डला मागून दिसायची. तो मॅथ्यूजला वळसा घालून पुढे पळायला लागला. आज कुठलाही राइट बॅक हे करतो आणि त्याबद्दल भरपूर पैसे घेतो. मी शाळेत तसा पळालो असतो तर मास्तरांनी मैदानाबाहेर काढलं असतं.

इंग्लंडकडून त्याने पदार्पण केलं ते थेट रिओच्या माराकाना स्टेडियमवर, मे १९५९मध्ये ब्राझीलविरुद्ध, आणि तेही सवय नसलेल्या डाव्या बाजूला. समोर ब्राझीलचा विंगर जुलिन्यो. गारिंशाच्या जागी ह्याला का घेतलं म्हणून घरच्याच प्रेक्षकांनी जुलिन्योची हुर्यो उडवली होती, आणि त्याने सुरुवातीलाच गोल करून त्यांची तोंडं बंद केली. इंग्लंड ०-२ हरलं. तो धरून एकूण ४३ सामने, त्यातल्या पंधरांत कर्णधार. १९६३मध्ये वेम्बलीवर यशिन, पुश्काश, दि स्टेफानो, युसेबिओ अशा जागतिक संघाविरुद्ध इंग्लंड २-१ जिंकलं तेव्हा कर्णधार हाच होता. मग १९६४मध्ये जांघेची दुखापत झाली आणि जॉर्ज कोहेनने जागा घेतली. विश्वचषक सुरू होईपर्यंत आर्मफिल्ड संघात परतला होता, पण खेळला एकही सामना नाही. पदकं तेव्हा अंतिम सामन्यातल्या अकरांनाच मिळायची. बाकीच्यांना ती मिळायला २००९ उजाडलं.

पुतळ्याकडून साउथ शोअरच्या सेंट पीटर्स चर्चकडे गेलो. आर्मफिल्ड इथे ऑर्गन वाजवायचा. २०१८च्या जानेवारीत तो वारला, अंत्यविधी मात्र गावातल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये झाला. दार बंद होतं. ऑर्गन ऐकायला मिळाला तो टॉवरच्या बॉलरूममध्ये, अगदी वेगळ्या थाटाचा: सोनेरी छत, झुंबरं आणि वुर्लिट्झर ऑर्गनच्या सुरांवर सत्तरी ओलांडलेली जोडपी लाकडी फरशीवर गोल फिरत होती. सौ. चहाच्या टेबलावर आधीच पोचून हिशेब मांडत होत्या की कोणतं जोडपं खरंच नवरा-बायको आहे.

या करमणुकीच्या गावाचा अंश आर्मफिल्डमध्ये उतरला असावा. १९७४मध्ये मॅनेजर ब्रायन क्लफला लीड्स क्लबने ४४ दिवसांत घालवलं, तेव्हा तो बिथरलेला संघ ह्याच्या हाती आला. ह्याने काय करावं? खेळाडूंना घेऊन सिंडरेलाचं नाटक बसवलं! त्याच मोसमात लीड्स युरोपियन कपच्या अंतिम फेरीत पोचलं. पॅरिसमध्ये लीड्सच्या लोरिमरचा गोल ऑफसाइड ठरवून नाकारला गेला आणि जर्मनीचं बायर्न म्युनिक २-० जिंकलं. लीड्सच्या प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या, क्लबवर युरोपात चार वर्षांची बंदी आली. आर्मफिल्डने जाऊन बाजू मांडली आणि ती दोन वर्षांवर आणली. पुढे तीसेक वर्षं तो बीबीसी रेडिओवर सामने समजावून सांगत राहिला.

अंधार पडल्यावर किनाऱ्याचे मैलोन्‌मैल दिवे लागले. नाक्यावरच्या दुकानात मासे आणि बटाटे घेऊन आम्ही आडोशाला उभे राहिलो, व्हिनेगरचा वास वाऱ्याबरोबर नाकात. मी जावयांना म्हटलं, “आजचं सगळं लिहून काढणार.” ते काटा बाजूला ठेवून म्हणाले, “लिहा ना बाबा. फक्त एक विसरू नका. खेळणं थांबवल्यावर तो पहिल्यांदा आमच्या बोल्टनचा मॅनेजर झाला, आणि १९७३ला आम्हाला तिसऱ्या विभागातून वर काढलं. ते जरा ठळक लिहा.”

लिहिलं.