दोन रात्रींच्या सफरीसाठी कोणती सायकल?

कार्बनच्या रेस सायकलला कॅरियर बसवून द्या, ही मागणी सायकल दुरुस्तीच्या धंद्यात नवीन नाही. बहुतेक वेळा आम्ही नकार देतो, कारण सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो. मात्र त्या दिवशी आलेल्या बाईंनी नकारानंतर जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देता देता माझी संपूर्ण दुपार गेली आणि त्यातला काही भाग अजूनही डोक्यातून गेलेला नाही. त्यांनी विचारले, ‘‘सफर तीनच दिवसांची आहे. एवढ्याशा सफरीला काय फरक पडतो?’’

लहान सफर म्हणजे कमी सामान, हा समज फार पक्का आहे आणि तो फक्त ग्राहकांचाच नाही. विक्री पाहणारा माझा सहकारी त्या वेळी त्यांना हेच पटवत होता. मी त्यांना एवढेच म्हटले की, सामान घेऊन या, आपण वजन करू. त्या खरोखरच घेऊन आल्या. तंबू, झोपण्याची पिशवी, गादी, स्टोव्ह आणि भांडे, पावसाळी कपडे, हत्यारे, शिधा, दोन लिटर पाणी आणि पिशव्या मिळून काटा साडेतेरा किलोवर थांबला. पंधरा दिवसांची सफर असती तरी तंबू तोच राहिला असता, गादीही तीच आणि स्टोव्हही तोच. कपड्यांचा एखादा जोड आणि थोडा शिधा वाढला असता, इतकेच. सफर लहान झाली म्हणून मुक्कामाचे ओझे लहान होत नाही, हे काट्यासमोर सांगितले तर पटते. एरवी पटत नाही.

हे ओझे त्यांच्या रेस सायकलवर का चढवता येत नव्हते, याची कारणे त्या फ्रेममध्येच होती. कॅरियरचे बोल्ट लावण्यासाठी फ्रेमवर आटे नव्हते आणि कार्बनच्या पातळ नळ्यांवर पट्टे आवळून भार टांगणे म्हणजे फ्रेम चिरडण्याची तयारी करणे होय. मागचा त्रिकोण आखूड होता. पायडल ज्याभोवती फिरतात त्या अक्षापासून मागच्या चाकाच्या अक्षापर्यंतचे अंतर मोजले तर 410 मिलिमीटर भरले; इतक्या अंतरात मागची पिशवी लावली की दर फेरीला टाच तिच्यावर आपटते. मागच्या चाकाला 24 आरे, टायर 25 मिलिमीटरचा, आणि फ्रेममध्ये त्याहून जाड टायरला जवळजवळ जागाच नाही.

पण खरा अडसर गिअरचा होता आणि त्याबद्दल दुकानात सहसा कोणी बोलत नाही. पुढे 34 दात्यांचे लहान चक्र आणि मागे 28 दात्यांचे मोठे, हा त्या सायकलचा सर्वांत हलका गिअर. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्या धरल्या तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या वर राहतो. आठ टक्के चढावर स्वार, सायकल आणि सामान मिळून 85 किलो या वेगाने नुसते वर उचलायलाच सुमारे 170 वॅट लागतात. टायरचे घर्षण वेगळे. तासभर असा चढ भरल्या सायकलने चढायचा तर अनेकांचे गुडघे बोलू लागतात. स्वार आणखी सावकाश जाऊ पाहतो, पण त्याहून हलका गिअरच नसल्यामुळे फेऱ्या मंदावतात आणि जोर वाढतो.

सहकाऱ्याने मग टूरिंगची नवी सायकल पुढे केली. सायकल उत्तम होती, त्यात वाद नाही. पण तीन दिवसांच्या पहिल्याच प्रयोगासाठी, मुक्कामाची सफर आवडते की नाही हेच ठाऊक नसताना, नवी सायकल घ्यायला लावणे मला पटत नाही. मी विचारले, ‘‘घरी दुसरी कुठली सायकल आहे का?’’ त्या ओशाळून म्हणाल्या की, भावाची जुनी माउंटन बाइक आहे, पण ती दाखवण्यासारखी नाही. ‘दाखवण्यासारखी नाही’ असे म्हटल्या जाणाऱ्या सायकलींमध्ये बऱ्याचदा जे सापडते, तेच निघाले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातली, क्रोमोली पोलादाची, पुढे शॉक नसलेली, 26 इंची चाकांची सायकल होती ती. मागे कॅरियरचे आटे जागेवर होते. दोन्ही चाकांना 36 आरे होते. पुढे तीन चक्रे, त्यांतले सर्वांत लहान 22 दात्यांचे. मागचे सर्वांत मोठे 28 चे. त्याच 60 फेऱ्यांना वेग ताशी सहा किलोमीटरच्या आत येतो आणि तोच चढ चढायला 170 ऐवजी 110 च्या आसपास वॅट पुरतात. हा आकडा मी त्यांना कागदावर मांडून दाखवला, तेव्हा सहकारी नव्या सायकलची सीट पुसत उभा होता.

मग काम सुरू झाले. हबमधले जुने, मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस काढून नवे भरले, आऱ्यांचा ताण बोटांनी आणि मग मापकाने तपासून मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, दगड झालेली ब्रेकची रबरे बदलली आणि गुळगुळीत रस्त्यांसाठी कमी खाचांचे, पावणेदोन इंची टायर चढवले. कॅरियरच्या आट्यांत रंग आणि गंज भरला होता, म्हणून पाच मिलिमीटरचा, आटे पाडायचा टॅप तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवत आटे साफ केले. उजव्या बाजूच्या बोल्टकडे मात्र पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. तो जरा लांब असला की त्याचे टोक फ्रेमच्या आतल्या बाजूला बाहेर येते, आणि मागच्या सर्वांत लहान चक्रावर आलेली चेन त्याला घासते किंवा थेट अडकते. दुकानाच्या स्टँडवर मधल्या गिअरमध्ये सायकल फिरवून ‘झाले’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. ते उतारावर, पूर्ण वेगात असताना कळते. मी बोल्ट कापला, टोक कानशीने घासले आणि बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या आट्यांना लॉकिंग द्रव लावला.

फ्रेम त्यांच्यासाठी किंचित लांब होती, म्हणून हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम आखूड घातला आणि मनगटांना दुसरी पकड मिळावी म्हणून टोकांना शिंगे बसवली. सगळे सामान लादूनच त्यांना चालवायला लावली. रिकाम्या सायकलची चाचणी अशा कामात निरुपयोगी असते.

सफरीनंतर त्या सायकल तपासायला घेऊन आल्या. चाक सरळ होते, गुडघे ठणठणीत होते. पण हँडलजवळच्या ब्रेकच्या तारेचे आवरण घासलेले दिसले. चढावर पुढचे चाक हलके पडून हँडल भरकटते, असे जाणवल्यामुळे त्यांनी दुसऱ्या दिवशी तंबू काढून हँडलला बांधला होता. त्यांचा विचार बरोबर होता. मागे एकवटलेला भार पुढे वाटायलाच हवा. पण या सायकलच्या ब्रेकची तार हँडलसमोरूनच खाली उतरते आणि तंबूची गुंडाळी तिच्यावर दाबली गेली की ब्रेक जड होतो.

सहकाऱ्याचे म्हणणे असे की, हलका तंबू आणि पिसांची झोपण्याची पिशवी कोणाकडून मागून आणली असती तर सगळे सामान सहा किलोंत बसले असते आणि सीटमागच्या पिशवीत घालून रेस सायकलवरही नेता आले असते. सामान तसे हलके असेल तर त्याचे खरे आहे, आणि चढ सौम्य असतील तर गिअरही चालून जाईल. पण ग्राहकाकडे जे सामान आहे, त्यावरून सायकल ठरवायची असते. कॅटलॉगमधल्या सामानावरून नव्हे. आता बाईंना पुढच्या सफरीसाठी पुढचे कॅरियर हवे आहे. त्यासाठी चिमट्याच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, मधोमध आटे लागतात, ते या सायकलला नाहीत. पट्ट्यांनी आवळून बसणारे कॅरियर मिळते आणि पोलादाच्या चिमट्याला ते चालते. परंतु या चिमट्याच्या नळ्या खाली निमुळत्या होत जातात, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर पट्टे खाली सरकतील की रबराच्या पट्टीवर धरून राहतील, हे दोन्ही बाजूंना दोन-दोन किलो टांगून मी सध्या पाहतो आहे.